डिस्कवरचं कुंकू

१

घरातून भांडीकुंडी चोरीला गेली तर पोलिसात जाता येतं. मेलेल्या माणसाचा आवाज चोरीला गेला तर कुठे जायचं, हे कोणीच सांगत नाही. जागृती माझ्या दुकानात आली तेव्हा तिला चोरी झाल्याचा पत्ताही नव्हता. कॉम्प्युटर बिघडलाय, एवढंच तिला वाटत होतं.

शनिवारची सकाळ होती. नोव्हेंबर असूनही आभाळ कळकट होतं आणि खाडीकडून चिखलाचा वास येत होता. एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई रिक्षातून उतरली, कॅबिनेट पोटाशी धरून. दुकानात शिरल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, सर कुठे आहेत. भाईंदरच्या नवघरमध्ये दुकान टाकून मला पंधरा वर्षं झाली. त्याआधी गिरगावात एका कंपनीत हेच काम करत होते. तरी रोज एक तरी गिऱ्हाईक माझ्या टेबलामागे सर शोधतं. मी म्हटलं, सर नाहीत, मृणालिनी सबनीस आहे, चालेल का. ती ओशाळली. मग एकदम रडवेली होऊन म्हणाली, "ताई, फक्त चालू करून द्या. बाकी काही नको."

ती भाईंदरजवळच्या मुर्धा गावची. नवरा स्वप्नील लग्नाचे व्हिडिओ काढायचा. दोन वर्षांपूर्वी घोडबंदरच्या रस्त्यावर त्याची बाइक घसरली आणि तो जागीच गेला. मोबाइलचा चुरा झाला. मुलगी क्षितिजा तेव्हा दहा महिन्यांची होती. तिला मांडीवर घेऊन गाणं म्हणताना त्याने स्वतःचाच व्हिडिओ काढला होता, तो या कॉम्प्युटरमध्ये होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. पुढच्या रविवारी क्षितिजाला तीन वर्षं पूर्ण होणार होती. आता तिला कळायला लागलंय, म्हणून त्या दिवशी तिला बापाचा आवाज ऐकवायचा, असं जागृतीने ठरवलं होतं. ती स्वतः तर रोज संध्याकाळी कामावरून आली की कॉम्प्युटरसमोर बसायची.

दुसरीकडे एक प्रत काढून ठेवावी हे लोकांना डिस्क गेल्यावरच सुचतं. हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तिचं तोंड बघून मी ते गिळलं.

२

बिघाड शोधायची माझी एक पद्धत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि मशीनमधून जे निघेल ते कागदावर नंबर घालून ओळीने ठेवायचं. धूळ निघाली तरी ठेवायची. लोक हसतात, हसू देत.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर काही नाही, नुसते तीन बीप. याचा अर्थ रॅम. मी कॅबिनेटची बाजू उघडली. रॅमची पट्टी एका टोकाला उचललेली होती आणि तिच्या सोनेरी दातांवर हिरवट थर चढला होता. खाडीकाठच्या घरांत हे ठरलेलंच. खारी हवा सगळ्यांत आधी तांबं खाते. शाळेतला खोडरबर घेऊन दात घासले, पट्टी दाबून बसवली, आणि मशीन सुरू झालं. जागृतीने हात जोडले. मी म्हटलं, थांब.

कारण पडद्यावर अक्षरं आली होती की डिस्कच सापडत नाही. शिवाय रॅमची पट्टी आपण होऊन उचलली जात नाही. आत कोणाचा तरी हात गेला होता, धक्का लागला होता.

मी डिस्क बाहेर काढली. ती कप्प्यात नुसती सरकवलेली होती, स्क्रू नव्हते. माहिती नेणारी पातळ वायर जोडलेली होती, वीज देणारी वायर मात्र तशीच लोंबत होती. आणि डिस्कच्या पाठीवर हळदकुंकू होतं. ताजं, लालभडक. कुंकवात एक पांढरा कण रुतला होता. अक्षतेचा तुकडा असणार. चिमट्याने काढून तो कागदावर ठेवला आणि बाजूला लिहिलं, पाच नंबर.

जागृती डिस्ककडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ही ती नाही. ही स्वप्नीलची जुनी. कधीच मेली होती. पलंगाखाली बिस्किटाच्या डब्यात पडलेली असायची."

मी तिला खुर्ची दिली. शेवटचं कधी चालू केलं होतंस, असं विचारलं. सोमवारी संध्याकाळी, ती म्हणाली. मंगळवारी दिवसभर ती कामावर, इथेच नवघरला, स्टीलच्या कारखान्यात पॅकिंगला. परत आली तर मशीन बंद. मंगळवारी घरात सासू होती, गोदूबाई, आणि पोर. नणंद ममता दुपारी येऊन गेली. आणि स्वप्नीलचा धंद्यातला जोडीदार निहार, तोही येऊन गेला.

"कोणीतरी मुद्दाम केलंय ना हे?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती रडली नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

३

कुंकवाने मला दिवसभर सतावलं. दसऱ्याला आपल्याकडे सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावतात, त्यात कॉम्प्युटरही आला. माझी गिऱ्हाइकं तर पडद्यालाच फूल चिकटवतात आणि मग डाग कसा काढू म्हणून विचारायला येतात. पण दसऱ्याला महिना उलटून गेला होता. जागृती सोमवारपर्यंत व्हिडिओ बघत होती, म्हणजे दसऱ्याला आत चांगली डिस्क होती. मग या मेलेल्या डिस्कची पूजा झाली कधी? ती झाली मंगळवारी, अदलाबदल करतानाच. चोराने चोरी केली आणि मागे ठेवलेल्या वस्तूला कुंकू लावलं. असा चोर माझ्या बघण्यात नव्हता.

रविवारी मी निहारला गाठलं. भाईंदर पश्चिमेला एका फोटो स्टुडिओत तो काम करतो. तिशीचा, पोट सुटलेला, डोळे सतत जागरण झाल्यासारखे. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "मॅडम, मी गेलो होतो मंगळवारी. लपवत नाहीये. रई गावच्या एका पार्टीचा पेन ड्राइव्ह हरवला, त्यांना लग्न परत पाहिजे होतं. ओरिजिनल सगळं स्वप्नीलकडेच." पण जागृती घरी नव्हती. गोदूबाईने त्याला ओटीवरच बसवून चहा दिला आणि संध्याकाळी ये म्हणाली. आत तो गेलाच नाही.

मग मी न विचारता तो स्वप्नीलबद्दल बोलायला लागला. थांबेचना. म्हणाला, शूटिंग करताना त्याचं तोंड बंद नसायचं. मावशी इकडे बघा, काका जरा हसा. कॅमेऱ्यात चित्र लग्नाचं आणि आवाज याचा. स्टुडिओच्या गिऱ्हाइकांसाठी तो आवाज कापत बसायला लागायचं. गाववाल्यांना मात्र घाईत न कापताच पेन ड्राइव्हवर देऊन टाकायचे, कोणी तक्रार करायचं नाही.

उठता उठता मी कुंकवाचं विचारलं. तो हसला आणि मग त्याचा चेहरा पडला. "दर दसऱ्याला डब्बा उघडून थेट डिस्कला लावायचा. मी बोलायचो, बाहेर लाव ना, शॉर्ट होईल. तर बोलायचा, पत्र्याला कुंकू लावून काय फायदा, सगळं तर हिच्यात आहे. म्हणून तर स्क्रू लावायचा नाही कधी."

म्हणजे कुंकवाची जागा निहारला ठाऊक होती. मी परत येताना खूप वेळ तोच विचार करत होते.

४

ममता माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून राहते. दार उघडताच तिने ओळखलं की मी कशाला आलेय, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचं म्हणणं सरळ होतं. वहिनीचं दुसरं लग्न व्हावं अशी तिची इच्छा आहे आणि हे ती कोणापासून लपवत नाही. उत्तनचं एक स्थळ आलंय, शाळेत क्लार्क आहे, बायको वारलेली, पोरीसकट करायला तयार. वहिनी फोटोही बघत नाही. मंगळवारी ती तोच फोटो आईकडे देऊन आली.

"मी चोरी करीन? मी तर तोंडावर बोलतेय सगळ्यांच्या," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी त्या पडद्यासमोर बसते आणि पोर एकटी खेळते. आई बघते आणि आतल्या आत रडते. किती दिवस बघायचं आम्ही?"

तिला भावाची आठवण येत नव्हती असं नाही. बोलताना ती त्याचं नाव घेणं टाळत होती. मी दसऱ्याचं विचारलं. भाऊ गेला त्या वर्षी सण नव्हता, नंतरचे दोन्ही दसरे हळदकुंकू तिनेच लावलं. कुठे, असं विचारल्यावर तिला नवल वाटलं. कॉम्प्युटरला, पुढून, बटणाच्या वर. आणखी कुठे लावणार?

मी दुकानात येऊन कॅबिनेट पाहिलं. बटणाच्या वर दोन ठिपके होते, एक पुसट, एक त्यापेक्षा ठळक. खरं बोलत होती ती. आतलं कुंकू तिने लावलेलं नव्हतं हे मला लख्ख कळलं, आणि त्याचा मला मुळीच आनंद झाला नाही.

५

सोमवारी सकाळी मी कागद समोर घेऊन बसले आणि मशीनमधला बिघाड शोधावा तसा माणसांतला शोधला. एका वेळी एक काढून बघायचं.

आधी निहार. त्याला कुंकवाची जागा माहीत होती. पण ज्याने आयुष्यभर डिस्का जोडल्या त्याचा हात विजेची वायर लोंबती सोडणार नाही. डोक्याने ठरवलं तरी हात सोडणार नाही. शिवाय पलंगाखालच्या डब्यापर्यंत तो पोचलाच नाही, ओटीवर बसला होता. ममता घरात फिरली असेल, पण तिच्या लेखी कुंकू बाहेर लावायचं असतं. आत डिस्क नावाची वस्तू असते हेच तिला माहीत नाही. जागृती स्वतःच मशीन घेऊन माझ्याकडे आली. लपवायचं असतं तर आली नसती.

ज्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण डिस्क कुठे बसते आणि तिला कुंकू लावतात हे ज्याने पाहिलंय, असं एकच माणूस उरत होतं. दर दसऱ्याला स्वप्नीलच्या शेजारी हळदकुंकवाचं ताट धरून कोण उभं राहत असेल? मी जागृतीला फोन केला. ती म्हणाली, सासूबाई. मी तेव्हा स्वयंपाकात असायचे, मी कधी पाहिलंच नाही.

मी फोन ठेवला आणि कागदावरचे नंबर बघत बसले. एक, धूळ. दोन, कोळ्याचं जाळं. तीन, चार. पाच नंबरपाशी काहीच नव्हतं. शनिवारी तिथे मी अक्षतेचा कण ठेवला होता. आता तिथे कागद ओला होता, एवढासा गोल डाग.

तांदळाचा कण हवेत विरघळत नाही. मी डागावर बोट टेकवून जिभेला लावलं. खडेमीठ होतं ते.

ज्या बोटाने कुंकू लावलं ते बोट त्याआधी मिठात गेलं होतं. खरी डिस्क कुठे आहे ते मला कळलं. मी दुकानाचं शटर अर्धंच ओढलं आणि समोर आली ती रिक्षा थांबवली.

६

मुर्ध्याला घरासमोर बोंबील वाळत होते. रस्त्यापलीकडे एका नव्या टॉवरचा पाया खणलेला होता, त्यात काळं पाणी साचलं होतं. गोदूबाई ओटीवर जाळं शिवत बसली होती आणि क्षितिजा तिच्या पदराशी खेळत होती. म्हातारी सडपातळ, काटक. मी नाव सांगितलं. तिने सुई खाली ठेवली.

"मावशी, मिठाची बरणी कुठे आहे?" मी विचारलं.

ती उठून आत गेली. मी मागोमाग गेले. फळीवर चिनी मातीची मोठी बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेलं. तिने तळापर्यंत हात घातला आणि एक पुडकं काढलं. स्वप्नीलच्या जुन्या बनियनचा तुकडा होता, ओलसर झालेला. आत डिस्क. सहा दिवस ती मिठात होती. मागच्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवर पांढरी बुरशी चढल्यासारखं झालं होतं आणि जोडणीचे दात काळे पडले होते. पाठीवर मात्र कुंकवाचे जुने थर तसेच होते, एकावर एक.

"फेकली न्हाय मी," ती म्हणाली. "पोराचा आवाज हाय, फेकीन कशी? ममतानं फोटो आणला. चांगला मानूस हाय. मी आज हाय, उद्या न्हाय. मग जागृतीला कोन? तो डबा बंद पडल्याबिगर ती उठायची न्हाय तितून."

मग तिने क्षितिजाला जवळ ओढलं. "बारकी मोठी झाली का तिला देनार होती मी. तवर टिकावा म्हनून मिठात ठेवला. आमी सगलं मिठातच ठेवतो."

रिकामी जागा ठेवायची नाही म्हणून तिने जुनी डिस्क आत सरकवली, आणि लेक लावायचा म्हणून तिला कुंकू लावलं. या गावाने पिढ्यान्‌पिढ्या जे टिकवलं ते मिठात टिकवलं. तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं की अशीही एक वस्तू असते जिला मीठ मारून टाकतं. मलाही तेव्हा सांगता आलं नाही.

ती म्हणाली, जागृतीला मीच सांगते. संध्याकाळी मी परत गेले तेव्हा तिने सांगितलं. जागृती उंबऱ्यावर बसली. ती एवढंच म्हणाली, "आये, मी त्याच्यासाठी न्हाय बसत. त्याचा आवाज मी इसरत चाललेय म्हनून बसते." मग दोघीही रडल्या. मी पोरीला घेऊन बाहेर ओटीवर गेले.

७

चार दिवस मी त्या डिस्कच्या मागे होते. स्पिरिटने धुतली, ब्रशने मीठ काढलं, तशाच दुसऱ्या डिस्कची पट्टी आणून बसवली. आतून नुसती टकटक ऐकू यायची. शुक्रवारी निहार ती मुंबईला डिस्का उघडून दुरुस्त करणाऱ्यांकडे घेऊन गेला. श्वास घ्यायला डिस्कला बारीकसं भोक असतं, तिथून खारा ओलावा आत शिरला होता. काही उरलं नाही, असं त्यांनी सांगितलं. हे निहारने फोनवर कळवलं.

शनिवारी जागृती आणि गोदूबाई दुकानात आल्या. मी धंद्यात कधी खोटं बोलत नाही. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, पण बिघाड कशामुळे झाला ते मी तोंडावर सांगते. गोदूबाईने विचारलं, "मीठ लागलं काय ग त्याला?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "डिस्क आतून आधीच जात आली होती. मिठाने काही झालं नाही."

जागृतीने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. ती लगेच म्हणाली की हो, मशीन बरेच दिवस अडकत होतं. म्हातारीने मान हलवली आणि हात पदराला पुसले.

दोघी पायऱ्या उतरत होत्या तेव्हा मला निहारचं बोलणं आठवलं आणि माझ्या बावळटपणाची मलाच चीड आली. मी त्यांना परत बोलावलं. विचारलं, गावात किती लग्नांचं शूटिंग स्वप्नीलने केलं होतं? जागृतीने बोटं मोजली. मग तिची बोटं थांबली आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

त्या दुपारी सासू-सून मुर्ध्यात आणि रईत घरोघर फिरल्या. कोणाचा पेन ड्राइव्ह देव्हाऱ्यात होता, कोणाचा टीव्हीला लावलेलाच. संध्याकाळपर्यंत एकोणीस जमले. रविवारी सकाळी मी माझं जुनं मशीन घेऊन त्यांच्या घरी गेले आणि एका नव्या पेन ड्राइव्हवर सगळं उतरवलं. क्षितिजाला नवा फ्रॉक घातला होता. ममता केक घेऊन आली होती, निहार दाराशी उभा होता.

पहिलंच लग्न लावलं. नवरीची आई डोळ्यांना पदर लावून उभी, चित्र जरा हलतंय, आणि मागून एक मोकळा आवाज आला, "मावशी, रडू नको ग, रेकॉर्डिंग चालू हाय. जरा हस. हां, अशी." ममता मटकन खाली बसली. जागृतीने पोरीच्या कानाशी सांगितलं, बाबा बोलतोय. पोरीने पडद्यावरच्या सगळ्या पुरुषांकडे बोट दाखवून विचारलं, हा? हा? जागृती म्हणाली, नाही, बाबा दिसत नाही, तो सगळ्यांना हसवतोय. गाणं त्यात नव्हतं. पोरीचं नावही त्यात कुठे नव्हतं. जे गेलं ते गेलंच होतं, आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला ते कळत होतं.

निघताना गोदूबाई माझ्या मागे ओटीपर्यंत आली. नवा पेन ड्राइव्ह तिच्या मुठीत होता. तिने तो उघड्या हातावर ठेवून माझ्यापुढे धरला.

"ही कुटं ठेवू?" ती म्हणाली. "मिठात न्हाय ना ठेवायची?"

मला तिच्या डोळ्यांकडे बघवेना. मी म्हटलं, "नाही मावशी. कपाटात ठेवा, कोरड्या जागी."

"मना वाटलाच," ती म्हणाली, आणि आत गेली.